माहिती अपुरी

२ फेब्रुवारी, रविवार

क्लासचा पहिला दिवस. हडपसरहून बसनं नारायण पेठेत पोचायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी आर्वीहून वर्ध्याला जाऊन चहा पिऊन आले असते.

लॉजिकल रीझनिंगला शरच्चंद्र सर आहेत. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही. चढवायची गरजच पडत नाही म्हणा. फळ्यावर लिहिलं, ‘गावातली सगळी दुकानं सोमवारी बंद असतात. शामरावांचं दुकान आज बंद आहे.’ आणि विचारलं, आज वार कोणता? मी पहिल्या बाकावरून मोठ्यानं म्हटलं, सोमवार.

“वा,” सर म्हणाले. “शामराव आजारी असतील, शामरावांच्या घरी कार्य असेल, शामरावांना नुसता कंटाळा आला असेल. पण आपण थेट वार ठरवून मोकळ्या. आपलं नाव?”

“प्रियदर्शनी.”

“प्रियदर्शनीबाई, उत्तर उताऱ्यातून काढायचं असतं. घरून डब्यात घालून आणायचं नसतं.”

सगळे हसले. मग सरांनी निष्कर्षाच्या प्रश्नांचे पाच पर्याय सांगितले: निश्चित खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, निश्चित खोटं. म्हणाले, मधला पर्याय लिहायला मुलांना लाज वाटते. आपल्याला काहीतरी कळलंच पाहिजे असा प्रत्येकाचा हट्ट.

सीईटी ३ मेला आहे. मार्क चांगले पडले तर वर्ध्याच्या लॉ कॉलेजात तीन वर्षं, राहायला घरी, एसटीनं अपडाऊन. पुढे आर्वीच्या कोर्टात वकिली आणि दुपारच्या सुट्टीत घरी आईसोबत जेवण. आई शिवणकाम करते. आर्वीतल्या निम्म्या वकिलांच्या गळ्यातले पांढरे बँड तिनंच शिवलेत. माझा कधी शिवायला मिळेल, याची ती वाट बघत असणार.

मला घरी जायचंय. हे एवढं सरळ वाक्य मी कुणापुढे बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज ऑफिसात आरोग्यविम्याचा एक चुकीचा क्लेम पकडला. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं, एक्स-रे डाव्या गुडघ्याचा. तीन जणांच्या हातून तो पुढे सरकला होता. टीम लीडर म्हणाला, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. खरंच आहे ते.

आईचा फोन आला. बाबांची लुना चालू झाली म्हणे! बाबा गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून लुना अंगणात ताडपत्रीखाली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला रंगनाथकाका राहतात, एसटी डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झाल्यावर पुलगावहून आर्वीला राहायला आले. मी त्यांना दोन-तीनदाच पाहिलंय. त्यांनी तीन दिवस बसून दुरुस्त केली.

“रंगनाथभाऊ म्हणे, वहिनी, मशीन बसून राहिली का खराब होते,” आई म्हणाली.

“पण चालवणार कोण?”

“मी! काल चक्कर मारली ना माय, पार कोर्टापर्यंत.”

आई लुनावर! मी हसले, पण नंतर कसंसंच झालं. मी घर आठवते तेव्हा ताडपत्रीसकट आठवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

रीझनिंगच्या चाचणीत चाळीसपैकी एकोणीस. सरांनी पेपर हातात देताना एवढंच म्हटलं, “कल्पनाशक्ती उत्तम आहे. कादंबरी लिहा.”

समोरच्या खोलीला आईनं रंग दिला. आकाशी. मी म्हटलं, आपली खोली तर फिकट पिवळी होती. ती म्हणाली, हो, पण रंगनाथभाऊ म्हणत होते की आकाशी रंगानं उजेड वाढते. अन् खरंच वाढला गं.

घरी कुणी येणार नाही, जाणार नाही, मग हा रंग कशाला? विचारायचं होतं, तेवढ्यात बस आली.

२ मार्च, रविवार

आज आई फोनवर विचित्र बोलली. जसं बोलली तसंच लिहिते.

आधी जेवली का, पेपर कसा होता, वगैरे. मग म्हणाली, “सोनू, एकटं राहून राहून माणूस आतून वाळून जाते, नाही का गं?”

मी म्हटलं, मी एकटी कुठे आहे, सृष्टी आहे की माझ्या फ्लॅटवर.

“तसं नाही गं माय. आपलं माणूस पायजे. बोलाले, भांडाले.” मग आवाज बारीक करून, “एक चांगला माणूस आहे. घरचाच समज. पण तुझी परीक्षा होऊ दे, मंग बोलू. तू राग नको येऊ देऊ.”

घराला रंग, चांगला माणूस, राग नको येऊ देऊ. यात कुणाला पाच पर्याय लागतील? आई माझं लग्न ठरवतेय.

सृष्टीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं पण काकूंनी तुझं नाव घेतलं का?” सृष्टी आयटीतली आहे, तिला घरचं बोलणं कळत नाही. आपल्याकडे मुलीपाशी मुलीच्या लग्नाचं असंच बोलतात, आडून आडून.

९ मार्च, रविवार

आता खात्रीच झाली. आई ‘रंगनाथभाऊ’ म्हणायची बंद झाली. आता ‘रंगनाथजी’. रंगनाथजींनी नळ बसवून दिला, रंगनाथजींना भरल्या वांग्याची भाजी फार आवडते, रंगनाथजींच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली, बिचारे हातानं करून खातात. आणि रंगनाथजींना एक मुलगा आहे. आनंद. हिंजवडीला मोठ्या कंपनीत.

आला ना मासा जाळ्यात! होणाऱ्या व्याह्याला भाऊ कसं म्हणणार? म्हणून जी.

आईनं मोरपंखी साडीही घेतली. चार वर्षांत ती राखाडी आणि बदामीच्या पुढे गेली नव्हती. मुलाकडच्या लोकांसमोर नेसायला असणार. “ब्लाउजच्या बाह्या जरा लांब शिवल्या,” म्हणाली, आणि लाजल्यासारखी हसली. माझ्यापाशी लाजायचं काय कारण?

सृष्टी म्हणते, इन्स्टावर त्याचा फोटो तरी बघ. मला नाही बघायचा. बघितला म्हणजे आपण अर्धं कबूल केलं असं होतं.

मला आईवर राग नाही, हे लिहून ठेवते. तिला वाटतं मी इथे एकटी आहे. पण लग्न करून मी हिंजवडीला राहायला गेले तर घरी कधी जाणार? मग माझं अपडाऊन, कोर्ट, दुपारचं जेवण, सगळं बारगळलंच. ज्या घरी परत जायचं म्हणून मी आठवडाभर लोकांचे गुडघे तपासते, त्याच घरातून मला कायमचं बाहेर काढायची तयारी चाललीय, तीही आईच्या हातून.

१६ मार्च, रविवार

आज तो आला.

होळीला वडिलांकडे आर्वीला गेला होता, माझ्या आईनं त्याच्या हाती डबा दिला. हिंजवडीहून हडपसर म्हणजे रविवारीसुद्धा पुण्याचं हे टोक ते ते टोक. एक डबा द्यायला एवढं लांब कोण येतं? डबा फडक्यात बांधलेला होता, गाठीतून झाकण दिसत होतं आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, ‘आनंद’. म्हणजे डबाही त्यांच्याच घरचा. आता एकमेकांच्या घरची भांडीही फिरायला लागली तर!

आम्ही चहाच्या दुकानात बसलो. माणूस वाईट नाही. कपाळावरचे केस विरळ झालेत, बोलताना कप गोलगोल फिरवतो.

“तुम्हाला सगळं माहीतच असेल,” तो म्हणाला.

“अंदाज आहे.”

“हं. सुरुवातीला मलाही अवघड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाबा किती वर्षांनी हसायला लागलेत. म्हणून मी हो म्हटलं.”

वडील हसतात म्हणून लग्नाला हो म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“काकू म्हणाल्या, तुमच्या होकाराशिवाय काहीच करायचं नाही. तर म्हटलं, आपण दोघांनी एकदा बोलून घ्यावं. तुमची काही हरकत…”

“माझी पूर्ण हरकत आहे.” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. “हे लग्न होणार नाही. मला न विचारता घराला रंग देण्यापर्यंत मजल गेली, हेच मला पटलेलं नाही. माझी परीक्षा तोंडावर आहे, मला आईशी या विषयावर वाद घालायचा नाही. तुम्हीच सांगा तिला.”

त्याचा चेहरा पडला. “तुम्ही एकदा काकूंशी बोललात तर बरं होईल. त्या फार…”

“तुमच्या हाती डबा पाठवता येतो, तर निरोपही पाठवता येईल.”

त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, “ठीक आहे. तुमचं दुःखही मी समजू शकतो.” माझं कसलं दुःख? चहा अर्धा टाकून गेला.

डब्यात सरगुंडे निघाले. कणीक काडीला गुंडाळून वाळवतात, मग शिजवून आंब्याच्या रसासोबत खातात. हे एकटीचं काम नव्हे, चार बायका लागतात. आमच्याकडे कार्यघरी करतात. डबा गच्च भरलेला आहे. जिंकल्यासारखं वाटलं. वास घेतला आणि उगाच रडू आलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

आईचा फोन सकाळीच आला.

“आनंद बोलला,” म्हणाली.

मी म्हटलं, आई, मी नंतर सगळं नीट सांगेन, पण…

“नाही गं माय, सांगाचं काय त्यात. तुझं बरोबर आहे. तुझ्या मनाविरुद्ध मी काहीच नाही करणार. मले तू पायजे, बस.” मग म्हणाली, “तुझ्या बाबाच्या फोटोले हार घातला. गुढी उभारली. श्रीखंड नाही केलं, एकटीले कोण खाते.”

किती लवकर ऐकलं तिनं! मी उगाच घाबरत होते. आई माझीच आहे.

६ एप्रिल, रविवार

चाळीसपैकी एकतीस. सर म्हणाले, “आश्चर्य आहे. आपण वाचायला लागलात.”

घरून मात्र काही ऐकायला मिळत नाही. आधी आईचा फोन ठेवता ठेवत नसे, आता मलाच विषय शोधावे लागतात. लुना? “ठेवली झाकून. ऊन फार आहे.” मोरपंखी साडी? “आहे कपाटात.” रंगनाथकाका? “येत नाही आता. काही काम नाही उरलं.”

लग्न मोडलं म्हणून त्यांनी नळ बसवायचंही सोडलं! इतका काय राग.

संध्याकाळी बसस्टॉपवरून चालत आले. खालच्या मजल्यावर कुणीतरी वांगी भाजत होतं. मी जिन्यात उभीच राहिले. आईच्या मशीनचा आवाज, मधेच थांबून तिनं दातांनी दोरा तोडणं, पुन्हा आवाज. मला दुसरं काही नको होतं, जिन्यातल्या त्या पायरीवर आमचं घर हवं होतं. कुणी वर यायला लागलं म्हणून निघाले.

१३ एप्रिल, रविवार

आज सर गृहीतकांवर बोलले. गृहीतक म्हणजे उताऱ्यात न लिहिलेलं, पण आपण मनातल्या मनात खरं धरलेलं. सर म्हणाले, “तुम्ही पहिल्या ओळीत एक माणूस पकडता आणि मग अख्खा उतारा त्याच्या गळ्यात घालता. पुढचं प्रत्येक वाक्य त्याला बरोबर बसतं. बसणारच, तुम्ही बसवता ना. उत्तर फार छान जुळलं की उठा, पाणी प्या, आणि पहिली ओळ पुन्हा वाचा.”

मी लिहून घेतलं. परीक्षेत उपयोगी पडेल.

आईला बारीक ताप आहे. डॉक्टरकडे कशी गेलीस विचारलं तर म्हणाली, चालत.

२० एप्रिल, रविवार

सृष्टीनं आंबे आणले. रस केला आणि उरलेले सरगुंडे शिजवले. सृष्टी दोन वाट्या खाऊन म्हणाली, हे लिटरली स्वर्ग आहे यार. मी डबा घासला आणि ओट्यावर पालथा घातला.

डब्याच्या बुडाला मजकूर आहे. ‘चि. आनंद – चि. सौ. कां. सुरुची. शुभविवाह. पुलगाव.’ खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीची.

लग्नात आहेर म्हणून वाटतात, तसला डबा. महिनाभर माझ्या ओट्यावर होता. मी झाकण वाचलं आणि थांबले.

आनंदचं लग्न झालेलं आहे.

मग लग्न कुणाचं?

नंतर. पाणी प्यायले. मागची पानं काढून पहिल्या ओळीपासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. लुना. आकाशी रंग. एकटं राहून माणूस आतून वाळून जाते. भाऊचं जी झालं. ब्लाउजच्या लांब बाह्या, ते लाजणं. तुमच्या होकाराशिवाय काहीच करायचं नाही. एक वाक्यही आईनं लपवलं नव्हतं. नवरी कोण, एवढंच तिनं म्हटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

आणि चहाच्या दुकानात बसून मी आईचं लग्न मोडलं.

२१ एप्रिल, सोमवार

ऑफिसला गेले नाही.

मला आता आनंद व्हायला हवा, चूक कळली, लगेच फोन करून सांगायला हवं. तसं होत नाहीये. काल रात्रीपासून मला रागच येतोय. बाबांच्या लुनाला दुसऱ्या माणसानं हात लावला. बाबांच्या खुंटीवर त्याचा शर्ट असेल. मी दुपारच्या सुट्टीत कोर्टातून घरी येईन तेव्हा ताटावर तो बसलेला असेल, आणि आई त्याला वांग्याची भाजी वाढत असेल.

म्हणजे चुकून मोडलं, ते बरंच झालं का? असंही एकदा मनात येऊन गेलं. लिहायला नको वाटतं, पण आलं.

पुण्यात आल्यापासून तीन वर्षं मी ज्या घराची ओढ धरून बसलेय त्यात आई सतत एकटी आहे. मशीनवर बसलेली, दाराकडे तोंड करून, माझी वाट बघत. मला ती तशीच हवी होती. लुनासारखी, ताडपत्रीखाली. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

२७ एप्रिल, रविवार

आठवडाभर आईशी बोलले, पण हे सोडून बाकीचं. तिचा ताप उतरला. आवाज तसाच आहे.

आज शेवटचा क्लास. सगळे गेल्यावर मी सरांना विचारलं, “सर, उत्तर चुकलं आणि त्यात दुसऱ्याचं नुकसान झालं तर?”

“या परीक्षेत उणे गुण नाहीत,” सर म्हणाले.

“परीक्षेच्या बाहेर?”

त्यांनी फळा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “बाहेरचं मला विचारू नका. बाहेर मी कायम ‘माहिती अपुरी’ लिहीत आलो. माहिती गोळा करतोय, करतोय. तेवढ्यात त्या बाईंचं लग्न होऊन त्या नाशिकला गेल्या.” मग डस्टर खाली ठेवलं. “निष्कर्ष चुकला तर बदलता येतो, प्रियदर्शनीबाई. उताऱ्यातली माणसं जागेवर आहेत तोवर. या आता. दिवे मला बंद करायचे आहेत.”

२८ एप्रिल, सोमवार

आनंदला फोन केला. मी चुकले, म्हणून सुरुवात केली आणि चहाच्या दुकानात मला काय वाटलं होतं ते सांगितलं. मग त्याला ठसका लागला. “थांबा,” म्हणाला, “हे मला सुरुचीला सांगू द्या.” पलीकडून बाईचं हसू ऐकू आलं आणि माझे कान तापले.

मग तो गंभीर झाला. बाबा आर्वीची खोली सोडतायत, म्हणाला. मेच्या मध्यावर पुलगावला भावाकडे परत. त्या गल्लीत आता राहवत नाही म्हणतात. समोरून जावं लागतं ना.

“मी सांगू का बाबांना?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नको. ज्यानं मोडलं त्यानंच जोडलं पाहिजे. माझ्या परीक्षेपर्यंत थांबा. आईनंही माझी परीक्षा होईपर्यंतच थांबायचं ठरवलं होतं, तिचा तेवढा तरी शब्द राहू दे.

खरं म्हणजे मला ते पाच दिवस माझ्यासाठी हवे होते. जुनं घर आणखी पाच दिवस मनात तसंच ठेवायला.

३ मे, शनिवार

पेपर झाला. संगणकावर होता. रीझनिंग बरं गेलं. एका प्रश्नात पाचही पर्याय खरे वाटायला लागले तेव्हा मी डोळे मिटले, पहिली ओळ पुन्हा वाचली आणि मधला पर्याय निवडला. लाज वाटली नाही.

निकाल लागल्यावर कॉलेजांची पसंती द्यायची. वर्धा पहिलं लिहायचं का, माहीत नाही. घर तेच राहणार नाही. पण ते मला बोलावेल, एवढं कळतंय.

फ्लॅटवर आले, हातपाय धुतले आणि आईला फोन लावला. मशीन चालू होती.

“कसा गेला गं पेपर?”

“बरा गेला. आई, तो सरगुंड्यांचा डबा आहे माझ्याकडे.”

“आपला नाही तो. आनंदचा आहे. देऊन टाक त्याले.”

“रिकामा कसा देऊ?”

“रिकामा नको देऊ. पुण्याची बाकरवडी भर.”

“बाकरवडी कशी चालेल? आपण मुलीकडचे आहोत.”

मशीन थांबली.

“कोण मुलीकडचे?” आईनं अगदी हळू विचारलं.

“आपण. म्हणजे मीच. आणि मुलीकडची मी एकटीच आहे, तेव्हा देणं-घेणं, मानपान सगळं मलाच बघावं लागणार. मला यातलं काही कळत नाही, म्हणून तुला विचारतेय.”

मी फोन कानाशी घट्ट धरला. मग ती म्हणाली, “सोनू, तू तं नाही म्हटली होती. आनंद बोलला ना. तुले बाबाची आठवण येते, तुले पटत नाही, मी समजून गेली होती माय.”

“मी आनंदला नाही म्हटलं होतं. मला वाटलं, तो नवरा मुलगा आहे. माझा.”

“तुझा?” आई म्हणाली. “अगं त्याले पोरगी आहे दीड वर्षाची!”

आणि हसली. पोट धरून, मोठ्यानं, मशीनवर हात आपटत हसली. बाबा असताना हसायची तशी. हे हसू ऐकायला मी चार वर्षं आसुसले होते आणि ते परत येत होतं तेव्हा मीच अडवलं होतं. मग तिचं हसणं रडण्यात गेलं आणि माझंही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बाबाले आवडलं असतं का गं?”

“माहिती अपुरी आहे,” मी म्हटलं. “पण लुना चालू झालेली आवडली असती. ती मोरपंखी साडी परत केलीस का?”

“नाही. नेसून पाहिली होती एकदा. घडी करून ठेवली.”

“मग काढ. आणि सांग आता, मुलीकडचे डब्यात काय भरतात?”

आईनं नाक ओढलं. पदरानं डोळे पुसत असणार.

“साखर,” ती म्हणाली. “साखर भर. बाकी काही नको.”

खाली जाऊन वाण्याकडून किलोभर साखर आणली. डबा मोठा आहे, भरला नाही. पुन्हा खाली गेले.